रत्नागिरीत जुन्या जीपचा ब्रेक पाइप गंजलाय, तेवढाच तुकडा बदलला तर चालेल का?

नाही. मध्ये जोड नको, टोकापासून टोकापर्यंत नवा पाइप घाला. खाऱ्या हवेत तो क्लिपखाली, चिखल अडकतो तिथे आधी सडतो. बाकीचा धड दिसतो. ३/१६ इंची तांबं-निकेलचा घ्या. एसीचा साधा तांब्याचा अजिबात नको, हादऱ्यांनी तडकतो. कटरने कापा, आतली बर (कापल्यावर राहणारी धारदार कड) काढा, नट आधी पाइपवर ओवा (हे हमखास विसरतं!), मग डबल फ्लेअर करा, म्हणजे पाइपचं टोक फाकवून आत दुमडा; एकदाच फाकवलेला सिंगल फ्लेअर दाबाखाली चिरतो. रबरी होजही बदलाच. डॉट ३ ब्रेक तेल भरून मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे बहुधा मागच्या डाव्या, हवा काढा. नंतर कोणाला तरी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला लावा आणि प्रत्येक नटाखाली कोरडा कागद फिरवा, ओला झाला तर तिथे गळतंय.