वाचक विचारतात : स्वयंचलित एस्प्रेसो यंत्राच्या पोटात

दिवाळीनंतर या सदराकडे कॉफीच्या यंत्रांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी इंदूरच्या वाचकांचे पाच प्रश्न येथे घेतले आहेत. मी अनेक वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम केले असल्यामुळे उत्तरांचा कल यंत्राच्या रचनेकडे आहे. चवीबद्दलचा अंतिम निर्णय ज्याने त्याने आपल्या जिभेवर सोपवावा.

प्रश्न : माझ्या मुलाने बंगळुरूहून घरी स्वयंचलित एस्प्रेसो यंत्र आणले आहे. आम्हां इंदूरकरांना ‘एक्स्प्रेसो’ म्हणजे लग्नाच्या मांडवात मिळणारी, दूध-साखरेची, भरपूर फेसाची कॉफी. या यंत्रातून मात्र चार घोटांची काळी कॉफी येते आणि तिच्यावर तांबूस थर असतो. मग खरी एस्प्रेसो कोणती? आणि बटण दाबल्यावर आत जी घरघर आणि खटपट चालते, तिच्यात नेमके काय घडते? (एक वाचक, रामबाग)

मांडवातल्या कॉफीला कमी लेखण्याचे कारण नाही; पौषाच्या आगेमागे थंडीतल्या लग्नात जेवण झाल्यावर हातात आलेला तो गरम पेला मलाही हवासा वाटतो. पण तिची घडण निराळी आहे. तेथे स्टीलच्या जगमध्ये दूध, साखर आणि पाण्यात विरघळणारी कॉफी एकत्र करून त्यांत बॉयलरच्या नळीतून वाफ सोडतात. ती वाफ दूध तापवते आणि हवा मिसळून फेस आणते, म्हणजे सगळे काम वाफेचे असते. इटलीत आज जिला एस्प्रेसो म्हणतात ती मात्र वाफेपासून सुटका करून घेऊनच जन्माला आली आहे.

आरंभी तेथेही वाफच होती. तुरीन शहरात अँजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ साली वाफेच्या बळावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेक पेला गाळून देणाऱ्या यंत्राचे. या यंत्रांत दाब जेमतेम दीड बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीडपट इतका मिळे, आणि तोही पाणी उकळीच्या पलीकडे तापवल्यावर. त्यामुळे कॉफी करपट लागे. आकिल्ले गाज्जिया यांनी दाब आणि उष्णता यांची ही गाठ सोडवली. पाणी हवे तितकेच तापवायचे आणि दाब द्यायचा तो दट्ट्याने, हा त्यांचा विचार. १९३८ सालच्या पेटंटनंतर महायुद्ध संपल्यावर त्यांची स्प्रिंग आणि दांड्याची यंत्रे बाजारात आली. दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला आणि कॉफीवर प्रथमच तो तांबूस थर आला. भाजलेल्या दाण्यांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रवात उतरतो आणि पेल्यात पडताच दाब सुटून त्याचे बारीक बुडबुडे होतात. त्यांना कॉफीतले तेलकट अंश लपेटून धरतात. इटालियन माणूस त्याला क्रेमा म्हणतो, आपण साय म्हणावे. ही यंत्रे वाफेशिवाय चालतात, असे त्यांच्यावर मुद्दाम लिहिलेले असे. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दांडा ओढण्याचे कष्टही विजेच्या पंपाकडे दिले. पंप आला, तरी दळणे, मोजणे, दाबून बसवणे आणि चोथा झटकणे ही कामे माणसाच्या हाताकडेच राहिली होती. ती सर्व एका पेटीत बसवून घरगुती यंत्र १९८५ साली बाजारात आणले ते साएको या इटालियन कंपनीने, आणि आपल्या ओट्यावरचे यंत्र त्याच वंशातले आहे.

आता आवाजांकडे वळू. पहिली घरघर ग्राइंडरची. जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे त्याला दोन दातेरी कडी असतात, एक स्थिर आणि एक फिरते. त्यांच्यामधली फट म्हणजे पुडीची जाडी. एका पेल्यासाठी सात ग्रॅमपासून पुढे, यंत्राच्या बेताप्रमाणे पूड घसरगुंडीवरून एका नळकांड्यात पडते. मग दुसरा, कण्हल्यासारखा आवाज येतो तो मोटरचा. ती एक आटे असलेला दांडा फिरवते, दट्ट्या सरकतो आणि पुडीची घट्ट वडी होते. यानंतर क्षणभर शांतता पडते. पुष्कळांना वाटते की यंत्र अडले. पण या वेळी थोडेसे पाणी वडीत सोडून ती भिजू दिलेली असते. कोरड्या पुडीवर एकदम जोराचे पाणी सोडले तर ते एखाद्या भेगेतून वाट काढते आणि बाकीची पूड कोरडीच राहते. शेतात दांडातून पाणी सोडणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. मग पंपाची गुणगुण सुरू होते. पाण्याच्या वाटेवरच्या फ्लोमीटरमध्ये लोहचुंबक बसवलेले एक इवलेसे चाक असते. त्याचे फेरे मोजून यंत्राला पेल्यात किती पाणी गेले हे कळते. शेवटच्या खटक्याला दट्ट्या उलटा येतो, वडी वर उचलली जाते आणि एक पट्टी तिला खणात ढकलते.

तापमानाचे पथ्यही याच वाटेवर सांभाळले जाते. घरगुती यंत्रांत बहुधा मोठा बॉयलर नसतो. धातूच्या ठोकळ्यात पाण्याची नळी आणि तापक एकत्र बसवलेले असतात, आणि पाणी वाहता वाहता तापते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास असल्यामुळे येथे उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, तेव्हा कॉफी नीट उतरेल का, असे एका वाचकांनी पूर्वी विचारले होते. वडीला हवे असलेले पाणी ९० अंशांच्या आसपासचे असते, त्यामुळे काळजी नसावी. पहिला पेला कोमट लागतो तो आतले प्लॅस्टिकचे भाग थंड असतात म्हणून. आधी नुसत्या पाण्याची एक फेरी काढावी आणि त्याच पाण्याने पेला गरम करून घ्यावा.

प्रश्न : एका यंत्रावर १५ बार लिहिलेले आहे, दुसऱ्यावर १९. जास्त बारचे यंत्र घ्यावे का? (एक वाचक, टिळकनगर)

त्या आकड्यावर पैसे खर्च करू नयेत. घरगुती यंत्रांत बहुधा कंपनाचा पंप असतो. तारेच्या वेटोळ्यात एक छोटा दट्ट्या असतो, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो. पुढची वाट जवळजवळ बंद केली तर हा पंप जो दाब गाठू शकतो, तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. पाणी वाहू लागले की दाब उतरतो, आणि एस्प्रेसोला हवा असतो तो नऊ बारच्या जवळपास. इटलीत जो पारंपरिक दंडक मानतात, त्यात सात ग्रॅम पूड, नऊ बार दाब, पंचवीस सेकंद आणि पंचवीस मिलिलिटर कॉफी असा हिशेब आहे. या चार आकड्यांत १९ कोठेच नाही. प्रत्यक्षात दाब ठरतो पुडीच्या बारीकपणावर. कॉफी भसाभस आणि फिकट येत असेल तर दळण एक खूण बारीक करावे, थेंबथेंब येऊन कडू लागत असेल तर एक खूण जाड करावे. दळणाची जाडी ठरवणारी चकती ग्राइंडर फिरत असतानाच वळवावी, नाहीतर कड्यांमध्ये अडकलेला दाणा ती दाबून धरतो. फरक दिसायला दोन-तीन पेले जाऊ द्यावे लागतात, कारण घसरगुंडीत जुनी पूड शिल्लक असते.

प्रश्न : काही यंत्रांतला कॉफी गाळणारा भाग बाहेर काढून धुता येतो, तर काहींत तो आत कायमचा बसवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात आपल्याला काही करावेच लागत नाही, असे दुकानदार म्हणतात. कोणता प्रकार चांगला? (एक वाचक, सुदामानगर)

माझ्या मते यंत्र घेताना सर्वांत आधी विचारावा असा हाच प्रश्न आहे. या भागाला ब्रू ग्रुप म्हणतात. दट्ट्या, नळकांडे, जाळी आणि रबरी कड्या यांचा तो एक जुडगा असतो, आणि कॉफी घडते ती त्याच्यातच.

गेल्या श्रावणात लोकमान्यनगरमधल्या एका स्नेह्यांनी मला बोलावले. ते तीन आठवडे पुण्याला जाऊन आले होते आणि परतल्यावर कॉफीला कुबट वास येत होता. यंत्र बाहेरून लख्ख होते, पडद्यावर कसलीही सूचना नव्हती. बाजूचे दार उघडले आणि ब्रू ग्रुप ओढून बाहेर काढला, तेव्हा जाळीच्या कडेने काळा, तेलकट थर दिसला. खालच्या ताटलीत सांडलेल्या पुडीवर शेवाळी रंगाची लव धरली होती. आम्ही तो नळाखाली कोमट पाण्याने धुतला, दातांच्या जुन्या ब्रशने जाळी घासली आणि रात्रभर वाळवून सकाळी रबरी कड्यांना खाण्याच्या वस्तूंना चालणारे सिलिकॉनचे ग्रीस बोटाने लावून परत बसवला. दोन फेऱ्या नुसत्या पाण्याच्या काढल्यावर वास गेला. खर्च शून्य.

यात यंत्राची चूक नव्हती. भाजलेल्या कॉफीत तेल असते, चोथ्यात ओल असते, आणि माळव्याचा पावसाळा बंद डब्यात काय करतो हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. पण तो भाग बाहेर आलाच नसता, तर आम्हांला ते दिसलेही नसते. स्विस कंपनी युराची यंत्रे आतच बसवलेल्या ब्रू ग्रुपची असतात आणि सफाईच्या गोळीने तो आतल्या आत धुतात. ही योजना विचारपूर्वक केलेली आहे आणि ठरल्या वेळी गोळी टाकली तर ती चांगली चालते. तथापि रबरी कडी झिजली, तर यंत्र उघडणारा जाणकार शोधावा लागतो आणि तो प्रत्येक शहरात असतोच असे नाही. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाचे असेच एक यंत्र दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यात पाठवावे लागले आणि ते दोन महिन्यांनी परतले. म्हणून इंदूरसारख्या शहरात राहणाऱ्यांनी, माझे स्पष्ट मत आहे की, ज्याचे दार उघडते आणि ज्याचा गाभा हातात येतो असेच यंत्र घ्यावे. दुकानात पडद्यावरची चित्रे पाहू नयेत. विक्रेत्याला ब्रू ग्रुप काढून दाखवायला सांगावे आणि मग तो स्वतः काढून, परत बसवून पाहावा. आठवड्यातून एकदा तो धुवावा, साबण लावू नये, कारण साबणाने कड्यांचे ग्रीस निघून जाते.

प्रश्न : आमच्याकडे नर्मदेचे पाणी येते, पण उन्हाळ्यात बोअरचे मिसळावे लागते. पिण्यासाठी आरओ आहे. यंत्रात कोणते पाणी घालावे? (एक वाचक, अन्नपूर्णा रोड)

१९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचे पाणी इंदुरात आले, पण बोअरची सोबत आपली सुटली नाही. माळव्याच्या काळ्या खडकातले हे पाणी बहुधा जड असते. ते तापले की त्यात विरघळलेला चुना घट्ट होऊन बाहेर पडतो. बंबाच्या आत किंवा गीझरच्या कॉइलवर जमते तीच ही खपली. बंबाचे तोंड रुंद असल्यामुळे तो वर्षानुवर्षे चालतो, पण यंत्रातली तापणारी नळी अरुंद असते. खपली धरली की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, धार बारीक होते आणि अखेर पंप नुसताच गुणगुणत राहतो.

बोअरचे पाणी म्हणूनच वर्ज्य करावे. निव्वळ आरओचे पाणी खपली धरू देत नाही, पण त्यात क्षार फारच कमी उरल्यामुळे कॉफी सपक लागते. पाण्यातला थोडा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कॉफीचा स्वाद उतरवायला मदत करतो. कॉफीच्या जाणकारांत एक लिटर पाण्यात एकूण १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार चांगले मानतात. आरओवाल्या कारागिराजवळ क्षार मोजण्याचे पेनासारखे मीटर असते. त्याच्याकडून दोन्ही पाणी मोजून घेऊन नर्मदेचे गाळलेले आणि आरओचे अशी मिसळ ठरवावी. खपली काढण्याची सूचना यंत्राने दिली की ती पुढे ढकलू नये. व्हिनेगर वापरू नये, त्याचा वास कड्यांत राहतो. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, वापरायचे झाल्यास ते थंड पाण्यातच वापरावे, कारण गरम पाण्यात त्याचा चुन्याशी संयोग होऊन सहज न विरघळणारा दुसराच साका तयार होतो. कंपनीचे द्रावण मिळत असेल तर तेच बरे.

प्रश्न : चोथ्याचा खण मी रोज रिकामा करतो, तरी यंत्र ‘खण भरला’ असेच म्हणते. (एक वाचक, विजयनगर)

आपण तो यंत्र बंद असताना रिकामा करत असाल. बहुतेक यंत्रे खणात डोकावत नाहीत. किती वड्या पडल्या एवढेच मोजतात. खण बाहेर निघाल्याचे त्यांना चालू स्थितीतच कळते आणि मगच मोजणी शून्यावर येते. यंत्र चालू ठेवून खण काढावा, पाच-दहा सेकंद थांबावे आणि परत लावावा.

याच वाचकांनी पुढे विचारले आहे की, वरच्या झाकणाखाली तयार पूड घालायची जी जागा असते तिच्यात दक्षिणी फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड चालेल का. घालू नये. चिकोरी पाण्यात फार लवकर उतरते, चिकट होते आणि जाळी भरून टाकते. विरघळणारी कॉफीही त्याच कारणासाठी तेथे नको. कूर्ग किंवा चिकमगळूरचे मध्यम भाजलेले, चिकोरीविरहित दाणे आणावेत. फार काळे भाजलेले, तेलाने चकाकणारे दाणे भांड्याला चिकटतात आणि ग्राइंडरमध्ये नीट उतरत नाहीत. चिकोरीची पूड घरात असेल तर तिच्यासाठी पितळी फिल्टर काढावा. रात्री झोपताना पूड भरून वर उकळते पाणी ओतले की सकाळी खालच्या भांड्यात दाट अर्क जमलेला असतो.