बारा वर्षांचा डेस्कटॉप अपग्रेड करावा की सरळ नवीन घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की हँग होतो. काम म्हणजे हिशेबाच्या एक्सेल शीट, मराठी टायपिंग आणि मुलीचे ऑनलाइन तास. एक जण म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो भंगारात द्या.

माझ्या मते दोघांनीही मशीन उघडून न बघताच निदान केलंय. माझ्याकडे जवळजवळ असाच डबा होता (ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो तो). त्यात मी आधी चुकीच्या जागी पैसे घातले, मग बरोबर जागी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीही रॅमपासूनच सुरुवात केली होती. ४ची ८ जीबी केली, घरात सगळ्यांना बोलावलं, आता बघा म्हटलं आणि बटण दाबलं. आधी सुरू व्हायला साडेचार मिनिटं लागायची, आता सव्वाचार लागली. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

खरं दुखणं हार्ड डिस्कचं होतं. तिच्यातली तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते आणि ते डोकं योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एक विखुरलेला तुकडा शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वाचते, त्यात अँटिव्हायरस आणि अपडेटही त्याच रांगेत घुसतात. एसएसडीमध्ये (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) फिरणारं काही नसल्यामुळे ती हेच तुकडे सेकंदाला हजारोंनी काढून देते. मी साधी अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच वायरने जोडायची) लावली आणि त्याच मदरबोर्डावर (पुढे नुसतं 'बोर्ड'), त्याच प्रोसेसरवर मशीन तीस सेकंदांच्या आत सुरू व्हायला लागलं.

तुमच्याकडे हेच आहे का, ते फुकटात कळतं. मशीन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर आरामात बसलेला दिसला, तर दोष डिस्कचा. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅमही कमी पडतेय. तुमच्याकडे बहुधा दोन्ही दिसेल, कारण रॅम संपली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवते आणि डिस्क आधीच धापा टाकत असते. प्रोसेसरच शंभरवर असेल तर गोष्ट वेगळी.

काही विकत घेण्याआधी डब्याचं झाकण काढा. प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या आणि मग उघडा. माझ्या हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर पंख्याखाली धुळीचा थर नव्हे, चक्क नमदा बसला होता, चिमटीत धरून अखंड उचलला गेला. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नखाने खरवडली की भुगा पडायचा. प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर तापायचा आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा. ब्रशने धूळ काढली, मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, चारही प्लास्टिकच्या खिळ्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. तापमान साठ-पासष्टवर आलं. यातली एक खिळी नीट बसली नाही तरी सगळी मेहनत वाया, तेव्हा बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का ते पाहा. घड्याळ रोज मागे पडत असेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेलही बदलून टाका.

आता पैशांचं. मी एकच नियम पाळतो: जो भाग पुढच्या मशीनमध्ये जाऊ शकतो त्यावर खर्च करायला कचरायचं नाही, आणि जो याच डब्याबरोबर जाणार त्यावर फार खर्च करायचा नाही. मॉनिटर, कीबोर्ड, एसएसडी पहिल्या गटात. रॅम मात्र दुसऱ्या. तुमच्या बोर्डाला डीडीआर-३ लागते, नंतरच्या बोर्डांना डीडीआर-४ आणि आता डीडीआर-५. खाचच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुनी रॅम नव्यात बसतच नाही. तेव्हा रॅम घ्याच, ८ जीबी करा, पण वापरलेली घ्या. रॅम सहसा झिजत नाही. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा, सकाळी लाल ओळ दिसली नाही की झालं. एक गोष्ट आधी बघा: सिस्टिमच्या माहितीत ३२-बिट विंडोज लिहिलेली असेल, तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला दिसणारच नाही.

एसएसडी घेताना एम-डॉट-टू वाली पातळ पट्टी घेऊ नका, त्या काळच्या साध्या बोर्डांवर तिचा स्लॉटच नसतो. बोर्डावर दोन वेगांचे साटा पोर्ट असतील तर ६ जीबीपीएसवाल्याला जोडा. चुकून ३वाल्याला जोडली तरी रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही, वेळ वाचतो तो शोधण्यात.

प्रोसेसर बदलायचा मोह होईल. त्याच सॉकेटमध्ये चौथ्या पिढीचा आय-सेव्हन बसतो, मीही बघून ठेवला होता. पण तुमच्या कामात त्याचा उपयोग नाही, आणि त्याहून पुढची पिढी हवी तर बोर्ड बदला, बोर्ड बदलला की रॅम बदला. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात. त्याहून मोठं कार्ड घेतलं तर एसएमपीएसमधून (डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग) वेगळी वायर लागते, ती माझ्यात नव्हती. एसएमपीएस बदलायला गेलो तर कळलं की कंपनीने जुळवलेल्या त्या मशीनच्या बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टरच नाही, त्यांचा स्वतःचा वेगळाच आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी तिथेच थांबलो.

आता खरा पेच. वर सांगितलेलं सगळं केलंत तरी विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चालणार नाही. तिला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी). आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नावनोंदणी करून सुरक्षा अपडेट पुढे वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, मिळवायची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत, मी त्या करूनही बघितल्यात, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर मी हा खेळ खेळणार नाही.

(हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे आठव्या पिढीचं मशीन असेल आणि 'तुमचा पीसी चालणार नाही' असा संदेश येत असेल, तर आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा. टीपीएम बरेचदा असतं, फक्त बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीमध्ये एफटीपीएम. निव्वळ एवढ्यासाठी धडधाकट मशीन विकून टाकलेले दोघे जण माझ्या ओळखीत आहेत.)

तेव्हा तुमच्या जागी असतो तर मी असं केलं असतं. आज एसएसडी आणि वापरलेली रॅम, साफसफाई, कोरी विंडोज आणि अपडेटची नावनोंदणी. ती मुदत संपेपर्यंत दोनपैकी एक ठरवायचं. काम ब्राउझर आणि हिशेबापुरतंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, एक्सेलच्या शीट लिब्रऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडतात. मॅक्रो (शीटमध्ये आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) लिहिलेल्या शीट मात्र आधी तपासा, तिथे हमखास अडतं. लिनक्स जमणार नसेल तर ऑफिसांतून निघालेलं आठव्या किंवा पुढच्या पिढीचं वापरलेलं मशीन बघा आणि आपली एसएसडी त्यात दुसरी डिस्क म्हणून लावा. कोरं मशीन मुलगी व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीसारखं काही शिकायला लागली तरच.

एकाच परिस्थितीत मी आजही एक पैसा घालणार नाही: बोर्डावरचे कपॅसिटर (छोटे गोल डबीसारखे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले किंवा मशीन मधूनच आपोआप बंद पडत असेल तर. बंद पडणं एसएमपीएसचं असू शकतं, ओळखीच्याचा एक लावून बघता येतो. फुगलेल्या बोर्डाच्या मागे मात्र लागू नका.

आणि हे सगळं करण्याआधी, आज रात्रीच, हिशेब आणि फोटो दुसरीकडे कॉपी करा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून ०५ आणि सी५ या, खराब जागा मोजणाऱ्या, दोन ओळींचा रॉ व्हॅल्यूचा रकाना बघा. शून्य असेल तर जुनी डिस्क साठवणीला वापरता येईल. शून्याहून जास्त असेल तर कॉपी पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका, आणि ते आकडे इथे कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.