अक्षौहिणी म्हणजे नेमके किती?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक बघताना शेजारचे आजोबा म्हणाले, "अक्षोहिणी लोटलीय की!" त्यावरून तुमचा प्रश्न: शब्द अक्षोहिणी की अक्षौहिणी, आणि हा आकडा खरंच ठरलेला आहे का?

लिहायचं अक्षौहिणी. अक्ष आणि ऊहिनी यांचा संधी नेहमीच्या नियमाने 'अक्षोहिणी' असाच व्हायला हवा, म्हणजे आजोबांचा कान तर्काला धरूनच आहे. पण व्याकरणकारांनी या शब्दापुरता अपवाद नोंदवून 'औ' केला. 'प्रौढ' हा शब्दही असाच, प्र + ऊढ. त्याला 'प्रोढ' कोणी म्हणत नाही.

आकडा मात्र पक्का आहे. अक्षौहिणी हे सैन्याचं जुनं माप. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, सुरुवात 'पत्ती'पासून होते: 1 रथ, 1 हत्ती, 3 घोडे, 5 पायदळ. मग दर पायरीला तिप्पट. सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. (वाहिनी म्हटलं की सोलापूरकराला आधी उजनीची जलवाहिनी आठवते, टीव्ही नंतर. इथे ती 81 रथांची.) सात वेळा तिप्पट केल्यावर अनीकिनीत 2,187 रथ येतात, आणि अशा दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी.

शेंगाचटणीच्या पुडीचा कागद उलटा करून मी हिशेब मांडला. रथ 21,870, हत्ती तेवढेच, घोडे 65,610, पायदळ 1,09,350. एकूण 2,18,700. आता कुठल्याही आकड्यातल्या अंकांची बेरीज करा: 2+1+8+7 अठरा, 6+5+6+1 अठरा, 1+0+9+3+5 अठरा, एकूण बेरजेतलीही अठरा! आणि महाभारतातल्या अक्षौहिणीही अठराच, पांडवांच्या सात नि कौरवांच्या अकरा. तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत बसलो.

यात गूढ फार नाही. तीनाने सात वेळा गुणलेली संख्या नवाने भागली जाणारच, म्हणून अंकांची बेरीज नवाच्या पटीत येते. ती नेमकी अठराच यावी, एवढाच योगायोग. अठराही अक्षौहिणी एकत्र केल्या की 39,36,600 होतात आणि बेरीज सत्तावीस! तिथे गंमत मोडते.

आजोबांच्या वाक्यात मात्र हा आकडा घुसवू नका. अक्षौहिणीत रथ, हत्ती, घोडेही एकेक नग म्हणून मोजलेत. यात्रेच्या होम मैदानावर एकवीस हजार हत्ती उभे करायचे कुठे? बोलीत अक्षौहिणी म्हणजे मोजता न येणारी गर्दी, आणि तो वापर बरोबरच आहे. वर्तमानपत्रातला 'डॉक्टरांचा चमू' चालतो ना आपल्याला? अमरकोशाच्या हिशेबाने त्यात 729 हत्ती हवेत, आणि संस्कृतात तर ती चमू!