85 हजार मैल झालेली 2003 ची पोर्श 911 घ्यावी का? आयएमएस बेअरिंगची भीती कितपत खरी?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत 2003 ची 911 कॅरेरा (996 पिढी, 3.6 लिटर, मॅन्युअल) मिळते आहे, मालक म्हणतो ‘आयएमएसचं काम झालंय’ (म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग बदललंय), पण इंजिन बसल्याच्या आणि महामार्गावर गाडी अचानक बंद पडल्याच्या तक्रारी वाचून मन धजत नाही.

भीती खरी आहे, पण ती एकाच भागावर खिळलीय. या इंजिनात बेअरिंगइतकंच, माझ्या मते जास्तच, बघावं लागतं ते सिलिंडरच्या बोअरकडे, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या पोकळीच्या भिंतीकडे.

आधी बेअरिंग. क्रँकशाफ्टखाली एक मधली शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) फिरते आणि तिच्यावरून साखळ्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्ट चालतात. तिचं फ्लायव्हीलकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर टेकलेलं असतं. सील ग्रीस आत राखण्यासाठी आहे, पण इंजिनाचं गरम ऑइल हळूहळू आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन नेतं. मग तेच जुनं, आम्लधर्मी झालेलं ऑइल आत अडकून राहतं. छर्रे आणि त्यांची वाट खडबडीत होते, शाफ्ट डगमगते, टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तोवर ड्रायव्हरला बहुतेकदा काहीच जाणवलेलं नसतं. तुमच्या वर्षाच्या गाड्यांत छर्‍यांची एकच ओळ असलेलं बेअरिंग आहे, आणि बदनाम झालं ते हेच. अमेरिकेतल्या सामूहिक खटल्याच्या कागदपत्रांत याच्या बिघाडाचं प्रमाण सुमारे 8 टक्के दिलंय, आधीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगचं 1 टक्क्याहून कमी. त्या खटल्यात 2013 मध्ये समेट झाला, पण भरपाईची मुदत गाडी रस्त्यावर आल्यापासून 10 वर्षांची होती. तुम्हाला आता त्याचा उपयोग नाही.

‘काम झालंय’ या शब्दावर जाऊ नका, बिल मागा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोणतं बेअरिंग बसवलं, किती मैलांवर आणि कोणत्या तारखेला. सिरॅमिक छर्‍यांचं बेअरिंग बसवलं असेल तर तेही कायमचं नसतं, ठरावीक मैलांनी किंवा वर्षांनी बदलावं लागतं. ऑइलचा स्वतंत्र पुरवठा असलेलं साध्या बुशसारखं बेअरिंग असेल तर उत्तम. काम झालेलं नसेल, तर क्लचसोबतच करून घ्या. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच मजुरीत बदलून होतं.

आता बोअर. सिलिंडरच्या ॲल्युमिनियम भिंतीत सिलिकॉनचे कण असतात आणि पिस्टनवर लोहाचा पातळ थर. तो थर झिजला की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं आणि भिंतीवर उभे चरे पडतात. बहुधा उजव्या बाजूच्या 4 ते 6 नंबरच्या सिलिंडरांत. थंडीत गाडी सुरू करून बराच वेळ उभी ठेवली, तर जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, त्यामुळे न्यू जर्सीच्या हिवाळ्यात राहिलेली गाडी जास्त काळजीपूर्वक बघायची. लक्षणं अशी: इंजिन गरम झाल्यावर एका बाजूने टकटक, सायलेन्सरच्या एकाच टोकाला जाड काजळी, ऑइलचा वाढता खप.

तपासणी करणारा मेकॅनिक फक्त स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून ‘ठीक आहे’ म्हणाला, तर ते मानू नका. चरे बर्‍याचदा भिंतीच्या खालच्या भागात पडतात आणि वरून दिसत नाहीत. इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर उतरवायचं, पिस्टन वर न्यायचा आणि खालून कॅमेरा घालायचा. चेंबर उतरलंच आहे तर तळाचा गाळ बघा. ऑइल फिल्टरचा कागद कापून घडी-घडी उलगडा आणि त्यावर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी चकचकीत कणी पोलादाची, म्हणजे बेअरिंगची शंका. न चिकटणारी रुपेरी पूड ॲल्युमिनियमची. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे साखळीच्या गाइडचे, ते थोडे असले तर घाबरण्यासारखं नाही.

सोबत संगणक जोडून कॅमचं डीव्हिएशन (कॅमशाफ्ट ठरल्या जागेपासून किती सरकली ते) वाचून घ्या. आकडा सतत वरखाली होत असेल तर वाईट. अति-आरपीएमच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याच्या, नोंदीही मागा. रेंज 1 म्हणजे लिमिटरला (इंजिनाचा कमाल वेग रोखणाऱ्या यंत्रणेला) टेकणं, त्याचं काही वाटून घेऊ नका. रेंज 2 मात्र चुकीचा खालचा गिअर टाकल्याशिवाय येत नाही. ती नोंद इंजिनाच्या किती तासांवर पडली ते आताच्या एकूण तासांशी ताडून बघा. अलीकडची असेल तर मी ती गाडी सोडेन.

मैल कमी म्हणून गाडी चांगली, असं इथे धरू नका. वर्षातून चारदा बाहेर निघणार्‍या 30 हजार मैलांच्या गाडीत जुनं ऑइल तसंच पडून राहतं. नियमित चाललेली, ऑइल वेळेवर बदललेली 85 हजार मैलांची गाडी मला जास्त भरवशाची वाटते.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, हे आधीच माहीत असू द्या. इंजिन मागे असल्याने ओल्या वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट बाहेर जाते. या वर्षी साध्या कॅरेरात पीएसएम ही स्थिरता यंत्रणा ऐच्छिक होती, त्यामुळे डॅशबोर्डवर तिचं बटण आहे का ते पाहा. रोज चालवणार असाल तर पीएसएम नसलेली घेऊ नका. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांवरचे टायर बदला. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर दोष बर्‍याचदा सीटबेल्टच्या खाचेतल्या स्विचचा असतो, पण दिवा लागलेला असताना एअरबॅगचा भरवसा नाही, म्हणून ते काम व्यवहाराआधीच करून मागा. एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून राहिलेले रिकॉलही (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी परत बोलावलेली कामं) बघून घ्या.

बाकी किरकोळ: इंजिनाच्या कप्प्यातली कूलंटची टाकी तडकते, वॉटर पंपाचा प्लास्टिकचा पंखा तुटून तुकडे पुढे अडकतात, पुढच्या बंपरमागच्या रेडिएटरांत पानं साचतात. सुरू करताच पांढर्‍या धुराचा लोट आला, तर ऑइल-हवा वेगळं करणारा भाग गेलाय. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे, किंमत पाडून घ्या.

तपासणी मालकाच्या ओळखीच्या गॅरेजात नको, पोर्शची कामं करणार्‍या स्वतंत्र गॅरेजात करा आणि पैसे तुम्हीच भरा. मालक चेंबर उतरवू देत नसेल, तर दुसरी गाडी बघा. 996 अमेरिकेत भरपूर विकल्या गेल्या आहेत, चांगली मिळेल.