कॅनडात अमेरिकी डॉलर स्वस्तात कसे घ्यावेत

ब्रोकरच्या खात्यातलं 'कन्व्हर्ट' बटण सरळ दाबू नका. फी शून्य दिसते, पण दरातच दीड टक्क्याच्या आसपास कापलं जातं. म्हणजे १०,००० डॉलरवर सुमारे दीडशे गेले!

त्यापेक्षा 'नॉर्बर्ट्स गॅम्बिट' करा. टोरोंटो शेअर बाजारात डीएलआर नावाचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा खरेदी-विक्री होणारा फंड, आहे. तोच फंड डीएलआर कॅनडियन डॉलरमध्ये आणि डीएलआर.यू अमेरिकी डॉलरमध्ये विकला जातो. आधी डीएलआर घ्या, सेटलमेंट झाली (म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन युनिट खात्यात आले) की ब्रोकरला ते युनिट डीएलआर.यूमध्ये 'जर्नल' करायला, म्हणजे न विकता तिकडे वळवायला सांगा, मग विका. हाती अमेरिकी डॉलर! काही ठिकाणी फोन करावा लागतो, काही ठिकाणी ऑनलाइन होतं. कमिशन आणि जर्नलची फी आधीच विचारून घ्या. खात्याला अमेरिकी डॉलरची बाजू हवीच, नाहीतर विक्रीचे पैसे परत कॅनडियन होतील आणि सगळी मेहनत वाया.

मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) नको, लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) लावा. बाजार चालू असतानाच.

यात काही दिवस जातात, म्हणून उद्याच पैसे हवे असतील तर हा मार्ग नाही. पाचशे डॉलरसाठीही मी हे करणार नाही. आणि साध्या, करपात्र खात्यात केलंत तर किरकोळ नफा-तोट्याचीही नोंद ठेवा.