दोन नळ्यांची १२ बोअर बंदूक घरी साफ कशी करावी? पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा, की घरी वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची दोननळी १२ बोअर आहे, वर्षाकाठी चार-दोन बार निघतात, तरी प्रत्येक पावसाळ्यानंतर नळीवर तांबूस ठिपके दिसतात. साफसफाई घरीच जमेल का, आणि कशी करावी?

जमेल. आम्ही सिंधुदुर्गातले, आमच्याकडेही अशीच बंदूक आहे, आणि तिची निगा घरातच होते. पण आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. कोकणातली बंदूक बारांनी खराब होत नाही, कपाटात उभी राहून खराब होते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात दाराआडची हवासुद्धा ओली असते. म्हणून "बार काढलाच नाही, मग साफ कशाला करायची?" हा हिशेब इथे चालत नाही. पावसाळ्यात बार निघो न निघो, पंधरा दिवसांनी बंदूक बाहेर काढून पुसायलाच हवी.

परवाना वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा हे काम त्यांच्या देखत करा. पहिली गोष्ट म्हणजे नळी खाली पाडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. रिकामी आहे हे माहीत असलं तरी बघा. काडतुसांचा डबा त्या खोलीत नको, पोरंटोरंही नकोत. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या बिजागरीवरून उचलून वेगळ्या करा. एवढं सुटलं की पुरे. बाजूच्या पट्ट्यांचे स्क्रू, आतले घोडे, कमानी यांना हात लावू नका. त्या स्क्रूंच्या खाचा बारीक असतात, घरातल्या पेचकसाने त्या लगेच बोथट होतात.

आता नळी. लाकडी किंवा पितळी गज घ्या, लोखंडी सळई नको. गज घालायचा तो चेंबरच्या बाजूने, म्हणजे मळ तोंडाकडून बाहेर पडतो, खटक्यात, म्हणजे चाप-घोड्यांच्या आतल्या यंत्रात, जात नाही. आधी कोरडी चिंधी फिरवून सुटा काळपटपणा काढा. मग सॉल्व्हंट (बंदुकीचा मळ सोडवणारं द्रव) लावलेली चिंधी फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. त्यानंतर पितळी तारांचा ब्रश. तो मध्येच उलटा फिरवू नका, तोंडातून पार बाहेर काढून मगच मागे ओढा, नाहीतर तारा मोडतात. शेवटी चिंध्या, स्वच्छ बाहेर येईपर्यंत.

हे झालं की नळी उजेडाकडे धरून आतून बघा. आतली कड गोल गोल वलयांसारखी चकाकली पाहिजे. चेंबर संपून नळी अरुंद होते तिथे, आणि तोंडाजवळ, राखाडी रेघा दिसल्या तर ते छऱ्यांचं शिसं असतं, किंवा काडतुसातल्या प्लास्टिकच्या गट्ट्याचा थर. तिथे ब्रश पुन्हा फिरवा. या थराखाली ओल धरते आणि गंज बाहेरून दिसण्याआधी आतून खड्डे पडतात. वलय एका जागी वाकडं दिसलं तर नळीला पोचा आला आहे. अशी बंदूक वापरू नका, आधी कारागिराला दाखवा.

ठासणीची बंदूक (तोंडातून दारू ठासून भरायची) असेल तर रीत वेगळी. काळ्या दारूची राख क्षारांची असते, ती हवेतली ओल ओढून घेते आणि नुसत्या तेलाने निघत नाही. नळी गरम साबणाच्या पाण्याने धुवायची, कडक कोरडी करायची आणि लगेच तेलाचा हात फिरवायचा. तेही बार काढला त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

तेलाबद्दल मला जरा ठासून सांगायचंय, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. खोबरेल लावू नका. घरात हाताशी असतं म्हणून लावतात, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि डिसेंबरातल्या पहाटे खटक्यात त्याचं पांढरं लोणी झालेलं असतं. करडई, शेंगदाणा वगैरे खायची तेलं काही महिन्यांत चिकट होतात आणि धूळ धरतात. बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर शिवणयंत्राचं तेल चालतं. ओल हटवणारे स्प्रे भिजलेली बंदूक वाळवायला बरे, पण त्यांचा थर पातळ असतो, सबंध पावसाळा त्यांच्या भरवशावर काढू नका. आणि तेल थोडंच हवं. नळीवर बोट फिरवल्यावर बोट ओलसर लागलं पाहिजे, ओघळ दिसता कामा नये. बिजागरीच्या खिट्टीवर ग्रीसचा एक ठिपका, इजेक्टरखाली (काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागाखाली) काडीने मळ काढून तेलाचा एक थेंब, बस.

जास्त तेल घातलं आणि बंदूक दस्त्यावर (खांद्याला लागणाऱ्या लाकडावर) उभी ठेवली की ते तेल हळूहळू खटक्यातून लाकडात उतरतं. दस्ता जिथे लोखंडाला भिडतो तिथलं लाकूड काळं पडतं, मऊ होतं, आणि एखाद्या दिवशी बाराच्या धक्क्याने तडकतं. म्हणून साफ केल्यावर रात्रभर बंदूक तोंड खाली करून कागदावर टेकवून ठेवा. दस्त्याला बाहेरून वर्षातून एक-दोनदा जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळा आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

बाहेरच्या गंजाचे ठिपके नवे असतील तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी खरबरीत फडक्याने चोळा. नाहीच निघाले तर अगदी बारीक स्टील वूल, तेही तेलात बुडवून आणि हलक्या हाताने. पॉलिश पेपर लावू नका. तो गंजाबरोबर नळीचा काळा रंगही घेऊन जातो, आणि उघडं पडलेलं लोखंड पुढच्या आषाढात दुप्पट गंजतं. हाताचा घाम हेही गंजाचं मोठं कारण आहे. काम आटोपल्यावर नळीला बोटं लागली असतील तिथे तेलकट फडका फिरवूनच बंदूक आत ठेवा.

खंडेनवमीला आपण बंदूक पुजतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. अवश्य करा, पण संध्याकाळी सगळं उतरवून नळी पुसा. ओलं कुंकू आणि फुलांचा रस दोन दिवस लोखंडावर राहिला की तिथे बोटाएवढा डाग पक्का होतो. पूजेला दस्त्यावर गंध लावलं तर नळीला हातही लावावा लागत नाही, आमच्याकडे तसंच करतात.

ठेवायची जागा भिंतीला न टेकणारी, कुलपाची. काडतुसं वेगळ्या कुलपात. चामड्याची किंवा कापडी पिशवी फक्त नेण्याआणण्यापुरती, कारण ती ओल धरते आणि नळीला चिकटवून ठेवते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्या-दीड महिन्याने मंद तव्यावर वाळवून पुन्हा वापरा. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हा नळीत आणि बाहेर नेहमीपेक्षा जाडसर तेल लावून द्या. परत आली की कपाटात ठेवण्याआधी पूर्ण साफसफाई करा, कारण तिथे दोन महिने कुणी तिला पुसलेलं नसतं.

एक गोष्ट कधीच विसरू नका. बरेच दिवस ठेवलेली बंदूक भरण्याआधी दोन्ही नळ्यांतून आरपार बघा आणि कोरडी चिंधी फिरवा. कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते, चिंधीचा तुकडा आत राहिलेला असतो, तेल साचलेलं असतं. अशा अडथळ्यावर बार काढला तर नळी फाटते, आणि डावा हात नळीखालीच असतो. घरात जुनी २० बोअरची काडतुसं असतील तर तीही १२ च्या डब्यात राहू देऊ नका. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, वरून चेंबर रिकामं दिसतं, आणि मागून १२ चं घालून चाप ओढला की नळी फुटते.

बंद केल्यावर नळी हलत असेल, मधल्या पट्टीचा टाका सुटला असेल, चाप हलका लागत असेल किंवा आत खड्डे दिसत असतील तर ते काम परवाना असलेल्या बंदूक कारागिराचं. गावात कुणी हुशार लोहार असला तरी त्याच्याकडे देऊ नका, दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करायलाही कायद्याने परवाना लागतो. आणि नळी कापून आखूड करणं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हाच आहे. जाताना परवान्याचं पुस्तक घेऊन वडिलांनी स्वतः जावं.