दोन लाखांचं अंदमान आणि दहा लाखांचा विमा

एका वाचकाचं पत्र आहे. वय 40, हातात पगार 85 हजार, पत्नी सध्या घर सांभाळते, मुलगी 11 आणि मुलगा 7 वर्षांचा. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या मनीबॅक पॉलिसीचे (ठरावीक वर्षांनी थोडे थोडे पैसे परत देणारा विमा) पहिले दोन लाख नुकतेच खात्यात आलेत. ते लिहितात, “या नफ्यातून मे महिन्यात अंदमानला जायचं आहे. मुलांना प्रवाळ आणि मासे बघायचे आहेत, स्नॉर्केलिंग करायचं आहे. पॅकेज 2 लाख 10 हजारांचं. एजंट मात्र म्हणतात, फिरण्यात उडवू नका, अशीच दुसरी पॉलिसी घ्या. काय करू?” शेवटच्या ओळीत, जाता जाता: “गृहकर्ज 38 लाख बाकी आहे (साडेआठ टक्के, 17 वर्षं), पण विमा आहे, त्यामुळे काळजी नाही. चार लाखांची एफडी आहे.”

अंदमानचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. जा. दुसरी पॉलिसी घेऊ नका. एफडी मोडू नका, ती अडीअडचणीची आहे.

फक्त तारखा बदला. तुमच्या पॅकेजवर 20 ते 26 मे लिहिलंय. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी साधारण याच सुमारास आनंदाने वाचतो. यंदा तुम्ही ती तिथेच भिजत वाचाल. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होतं, आणि गढूळ पाण्यात मास्क लावून प्रवाळ दिसत नाहीत. एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या संपल्या जा, नाहीतर हिवाळ्यात. पॅकेजमध्ये चौघांसाठी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल बुडी, आहे, त्यातून धाकट्याचं नाव काढा. स्कूबाला साधारण दहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, मग त्याचे पैसे कशाला भरायचे? स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं, तो लाइफ जॅकेट घालून, गाइडचा हात धरून करू शकेल. हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचा, एलिफंट बीच त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मास्क त्याच्या चेहऱ्याच्या मापाचा हवा. तो घरीच चेहऱ्याला लावून बघा, नाकाने श्वास आत ओढल्यावर चिकटून राहिला तर बरोबर. आणि प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तुकडा खिशात घालायचा नाही हे मुलांना निघण्याआधीच सांगा. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे.

आता तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांकडे वळतो. एक ‘नफा’, दुसरा ‘विमा’.

नफा म्हणताय तो नफा नाही. वर्षाला 78 हजारांप्रमाणे पाच वर्षांत तुम्ही 3 लाख 90 हजार भरलेत. त्यातले दोन लाख तुम्हाला परत मिळाले. शेजाऱ्याला चार लाख उसने दिले आणि पाच वर्षांनी त्याने दोन आणून दिले, तर आपण पेढे वाटतो का?

पत्रासोबत तुम्ही एजंटच्या पत्रकाचा फोटो पाठवलाय. पुढे निळं पाणी आणि ‘दर पाच वर्षांनी कुटुंबाची सहल!’ मागे निळ्या पेनाने लिहिलंय, ‘20 वर्षांनी 40 लाख’, आणि खाली दोन रेघा. पॉलिसीच्या कागदांत बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचं एक पान असतं. त्यात चार आणि आठ टक्के परतावा गृहीत धरून दोन रकाने असतात. चाळीस लाख त्यातल्या कुठल्या रकान्यात आहेत ते एजंटना बोट ठेवून दाखवायला सांगा. कारण त्यासाठी साडेबारा टक्क्यांच्या आसपास परतावा लागेल, आणि तो अशा पॉलिसीत मिळत नाही.

तुमच्या दहा लाखांच्या पॉलिसीचा खरा हिशोब असा. पंधरा वर्षं हप्ते, म्हणजे 11 लाख 70 हजार. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी दोन-दोन लाख. विसाव्या वर्षी चार लाख आणि बोनस. बोनसची हमी नसते, तरी विम्याच्या दर हजारी 36 रुपये दरवर्षी धरू, म्हणजे सव्वासात लाखांच्या आसपास. एकूण हाती येतात सव्वासतरा लाख. परतावा चार-साडेचार टक्के, म्हणजे तुमच्या एफडीपेक्षाही कमी. कर वाचतो म्हणाल, तर नव्या कररचनेत विम्याच्या हप्त्यांवरची 80सीची वजावटच नाही.

पण मला खरी झोप उडवणारी गोष्ट ही नाही. कमी परताव्याने माणूस रस्त्यावर येत नाही. तुमचा ‘विमा आहे’ तो दहा लाखांचा आहे. घराचा हप्ता महिना साधारण 35 हजार. उद्या तुम्ही नसाल तर दहा लाखांत सव्वादोन वर्षांचे हप्ते निघतील, तेही घरात कुणी काही खाल्लं नाही तर. कर्ज 38 लाख, कमावणारा एक, मुलं शाळेत. पाच वर्षांत साडेतीन-चार लाख विम्याच्या नावाखाली गेले, आणि विमा तेवढा घ्यायचा राहिला. तुम्हाला हे विकणाऱ्याने कर्जाचा आकडा विचारला होता का? मला वाटत नाही.

म्हणून क्रम सांगतो, आणि तो उलटा करू नका. तिकिटं काढायच्या आधी सव्वा कोटीचा साधा टर्म विमा घ्या (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे, एरवी काही परत नाही), वयाच्या साठीपर्यंत. तब्येत ठीक असेल आणि सिगरेट ओढत नसाल, तर वर्षाला वीस हजारांच्या आगेमागे. ओढत असाल तर तसं लिहा, जास्त भरा. खोटं लिहून वाचवलेले पैसे पत्नीला क्लेमच्या वेळी फार महाग पडतात. टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी मनीबॅक बंद करायची नाही.

नंतर तिचं काय? सरेंडर करायची, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे घ्यायची, घाई नको. हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या साधारण निम्मं, त्यातून मिळालेले दोन लाख वजा, म्हणजे जवळजवळ शून्य. विशेष सरेंडर मूल्य जास्त असू शकतं, कंपनीकडून लेखी आकडा मागवा. माझा कल पेड-अपकडे आहे. पुढचे हप्ते थांबवायचे, पॉलिसी कमी रकमेवर तशीच ठेवायची. शेवटी सव्वा लाखाच्या वर काहीतरी आणि आतापर्यंतचा जमा बोनस मिळेल. हप्ते चालू ठेवलेत तर त्या नव्या पैशांवर साडेपाच-पावणेसहा टक्के सुटतात. तिकडे गृहकर्जावर तुम्ही साडेआठ भरताय. हे गणित मुलीलाही करता येईल.

78 हजारांतून टर्मचे वीस गेले की उरतात साठेक हजार. ते दर महिन्याला पाच हजार जादा म्हणून कर्जात टाका. 17 वर्षांचं कर्ज 13 वर्षांच्या आसपास संपतं, व्याज नऊ लाखांच्या आसपास वाचतं. जवळजवळ तेवढ्याच पैशांत!

आरोग्यविम्याबद्दल पत्रात अक्षर नाही. कंपनीचा असेल तर तो नोकरीबरोबर जातो. चौघांचा स्वतःचा वेगळा घ्या, त्यासाठी जादा हप्त्यातले हजार-दोन हजार कमी झाले तरी चालतील. प्रवासविमा काढलात तर त्यात स्नॉर्केलिंग धरलंय का ते बारीक अक्षरांत वाचा.

आणि एजंटचा फोन येईल. ‘मधेच बंद केली तर नुकसान होईल’ असं ते सांगतील. नुकसान पाच वर्षांपूर्वीच झालंय, तेव्हा फोन तीन मिनिटांत संपवा आणि धाकट्याला मास्कची सवय करा. एप्रिलला फार दिवस नाहीत.